कडाक्याच्या थंडीत शिकारीला जाताना वरून कोणतं जॅकेट घालावं?

तुम्ही लिहिलंय की परवाना हातात आलाय, हरणाच्या शिकारीला जायचंय, पारा उणे १० च्या आसपास असेल, आणि 'पूर्ण वॉटरप्रूफ' घ्यावं की 'सगळ्यात जाड' घ्यावं इथे तुमचं घोडं अडलंय. माझ्या मते हे दोन्ही प्रश्न नंतरचे. तुम्ही मचाणावर बसणार आहात की माग काढत फिरणार आहात, हे आधी ठरवा. आणि दुकानात जॅकेट हातात घेतलंत की लेबल वाचायच्या आधी त्याची बाही अंगावर घासून आवाज ऐका.

बसणं आणि चालणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीर साधारण १०० वॅट उष्णता तयार करतं. ओझं घेऊन चढ चढताना हाच आकडा पाच-सहा पट होतो. त्यामुळे बसण्यासाठी घेतलेलं जाड जॅकेट घालून तुम्ही मचाणापर्यंत चालत गेलात, तर पोचेपर्यंत आतले कपडे घामाने चिंब होणार. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणून पुढचे तीन तास तुम्ही हरणाची नाही, सूर्य वर येण्याची वाट बघत बसाल. जाड जॅकेट सॅकला बांधून न्यायचं. चालताना अंगावर फक्त वारा अडवणारं पातळ काहीतरी, तेही चेन उघडी ठेवून. पोचल्यावर अंगातली वाफ जरा निघू द्यायची, पण थंडी वाजायची वाट न बघता जॅकेट चढवायचं. हे जॅकेट आतल्या सगळ्या थरांवरून सहज बसायला हवं, म्हणून घेताना ते सगळे थर अंगात घालूनच घालून बघा. तुम्ही दिवसभर फिरणाऱ्यांपैकी असाल तर मात्र जाड जॅकेटचा नाद सोडा. लोकरीचं किंवा फ्लीसचं (लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड) मध्यम जॅकेट आणि सॅकमध्ये आत भरण असलेलं एखादं हलकं जॅकेट एवढं पुरतं.

आता आवाज. पांढऱ्या शेपटीच्या हरणांवर झालेल्या चाचण्यांत त्यांना निदान ३० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं असं दिसलं, माणसाची मर्यादा २० ची. त्यांचे कान सगळ्यात तिखट असतात ते ४ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि गुळगुळीत नायलॉनची सळसळ चांगलीच वरच्या पट्टीतली असते. त्यात एक गोम आहे. दुकानातल्या उबेत मऊ वाटणारं लेप दिलेलं कापड गारठ्यात ताठ होतं आणि कुरकुरायला लागतं. म्हणून वरचं कापड लोकर, फ्लीस किंवा वर मऊ लव उभी केलेलं असावं. आल्प्सकडचे शिकारी आजही लोडन वापरतात, म्हणजे घट्ट आटवलेली लोकर, ते उगाच नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. वजन जास्त आणि वाळायला उशीर, हे तिचे दोष. साध्या फ्लीसमधून वारा आरपार जातो. दोन थरांच्या मध्ये वारारोधक पडदा असलेलं फ्लीस मिळतं, ते त्यातल्या त्यात बरं, पण तेही घासून ऐका.

वाऱ्याचं मी मुद्दाम बोलतोय. उणे १० ला ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला की उघड्या कातडीला ते उणे २० सारखं लागतं. त्या तापमानाला बर्फ कोरडा असतो, झटकला की पडतो, त्यामुळे वॉटरप्रूफपणाची गरज तुम्हाला वाटते त्यापेक्षा कमी आहे. खरी पंचाईत शून्य ते पाच अंशांत, ओला बर्फ आणि पाऊस मिसळून पडतो तेव्हा. त्यासाठी पातळ रेनकोटसारखं कवच वेगळं ठेवा आणि लागेल तेव्हाच चढवा. गोअर-टेक्सच्या जातीचे पडदे (मूळ शोध १९६९ चा) पाणी अडवून वाफ बाहेर सोडतात, उत्तमच आहेत, पण बहुतेक आवाज करतात. लेबलवरच्या १०,०००, २०,००० मिलिमीटरच्या आकड्यांवर (कापड किती उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब सोसतं ते) मचाणावर बसणाऱ्याने फार डोकं घालू नये.

आत भरलेलं काय असावं? पिसं वजनाला सगळ्यात हलकी आणि उबदार, पण भिजली की गोळा होऊन निकामी. कृत्रिम भरण ओलं झालं तरी थोडीफार ऊब धरतं. प्रायमालॉफ्ट नावाचं असं भरण १९८० च्या दशकात अमेरिकी लष्करासाठी पिसांना पर्याय म्हणून तयार झालं ते याच कारणाने. पिसांच्या जॅकेटवर ८०० फिल पॉवर लिहिलं असेल तर एक औंस पिसं ८०० घन इंच जागा व्यापतात एवढाच त्याचा अर्थ. आत पिसं किती भरलीत हे त्यावरून कळत नाही, ते वेगळं विचारा. मी घेतलं तर कृत्रिम भरणाचं घेईन.

रंगाची काळजी लोक नको तिथे करतात. हरणाला नारिंगी आणि हिरवा यांत फारसा फरक कळत नाही, निळा मात्र छान दिसतो. तेव्हा निळं जॅकेट नको आणि भडक नारिंगीला घाबरू नका. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत बंदुकीच्या हंगामात नारिंगी सक्तीचा आहे; कोलोरॅडोत कमरेच्या वर ५०० चौरस इंच आणि शिवाय डोक्यावर, २०१६ पासून चमकदार गुलाबीही चालतो. तुमच्या भागाचा नियम परवान्याबरोबरच्या पुस्तिकेत असेल, तो वाचा. नारिंगी बंडी सगळ्यात वर आणि तुमची सॅक त्याच्यावर, असं झालं तर मागून येणाऱ्या दुसऱ्या शिकाऱ्याला काहीच दिसत नाही. बदकांच्या शिकारीचं गणित निराळं, पक्ष्यांना रंग आपल्यापेक्षाही चांगले दिसतात.

घालून बघताना नुसतं आरशासमोर उभं राहू नका. खाली बसा, नेम धरल्यासारखे हात वर करा. खांदा फार जाड असेल तर बंदुकीचा दस्ता पुढे सरकतो आणि दुर्बिणीपासून डोळ्याचं अंतर बिघडतं. धनुष्य वापरत असाल तर सैल बाहीला प्रत्यंचा लागते. खिशांना वेल्क्रो नको, शांततेत त्याचा आवाज कापड फाडल्यासारखा होतो. मचाणावर पडू नये म्हणून पट्टा बांधणार असालच (बांधाच), तर तो बाहेर काढायला पाठीवर फट आहे का बघा. हुड मला आवडत नाही, कानोसा घेता येत नाही. उंच कॉलर आणि लोकरीची टोपी बरी.

घरी आणल्यावर ते नेहमीच्या पावडरीने धुऊ नका. कपडे पांढरेशुभ्र दाखवणारी रसायनं अतिनील प्रकाशात चमकतात आणि हरणांचे डोळे नेमके त्याच बाजूला तेज असतात. 'ऑप्टिकल ब्राइटनर नाही' असं लिहिलेला, वास नसलेला साबण घ्या आणि कपडे मऊ करणारं द्रव्य अजिबात टाकू नका, त्याने पाणी झटकणारा लेप मरतो. लेप मंदावला आणि लेबलवर परवानगी असली, तर ड्रायरमध्ये मंद आचेवर थोडा वेळ फिरवा, पुन्हा पाण्याचे थेंब वरून ओघळायला लागतात.