उत्तर: सासरचं दुर्मीळ जर्मन आडनाव – आलं कुठून आणि आज किती जण लावतात?

तुमच्या पोस्टमध्ये ह्युगेनोंचा (फ्रान्समधून छळामुळे पळालेल्या प्रोटेस्टंटांचा) उल्लेख वाचला आणि राहवलं नाही, म्हणून बऱ्याच दिवसांनी लॉगइन करून लिहितेय. तुमची अडचण मला समजली ती अशी. नवऱ्याचं आडनाव '-ब्रोक'वर संपतं, फोनबुकात ते लावणारी घरं मोजकीच. सासूबाई सांगतात की आपण मूळचे फ्रान्समधून पळून आलेले ह्युगेनो. एका साइटला पैसे भरून मागवलेलं कुलचिन्ह दिवाणखान्यात टांगलंय. आणि पणजोबांची जन्मनोंद मागितली तर श्टांडेसआम्टकडून (जन्म-विवाह-मृत्यू नोंदवणाऱ्या कचेरीकडून) 'देता येत नाही' एवढंच उत्तर आलं. कुलचिन्ह सोडलं तर बाकी सगळं माझ्या घरी घडून गेलंय. माझ्या सासरचं आडनाव '-काम्प'वर संपतं. पूर्ण लिहीत नाही, कारण ते लावणारे इतके थोडे आहेत की उद्या कुणीतरी आमच्याच दाराची बेल वाजवायचं.

डिस्क्लेमर आधीच टाकते. मी भाषाशास्त्रज्ञ नाही आणि वकील तर मुळीच नाही. माझा सगळा अनुभव वेस्टफालियातला, म्हणजे जर्मनीच्या वायव्य भागातला आहे. तुमचं घराणं बव्हेरियाचं किंवा सॅक्सनीचं निघालं तर यातलं निम्मं लागू पडणार नाही. चर्चच्या नोंदवह्या म्हणजे काय, वंशावळ कुठे भरायची वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच असं धरून चालते.

तुमचा पहिला प्रश्न 'या नावाचा अर्थ काय' असा आहे. माझं स्पष्ट मत: तो प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा. ब्रोक म्हणजे दलदलीची, पाणथळ जमीन. काम्प म्हणजे कुंपण घातलेलं शेत. झाला अर्थ. पण उत्तर जर्मनीच्या सपाटीवर दलदल कुठे नव्हती? म्युलर म्हणजे गिरणीवाला हे कळलं तरी पुरतं, कारण गावोगावी गिरणी होती आणि आज जर्मनीत जवळपास शंभरात एक म्युलर आहे. दुर्मीळ आडनावाचं गणित उलटं. ते पुष्कळदा एकाच जागेहून निघालेलं असतं, एका गावाहून किंवा एखाद्या शेतवाडीहून. तुम्हाला ती जागा शोधायचीय. ती सापडली की अर्थ तिथल्या मातीतच दिसतो.

आपल्या ओळखीचं उदाहरण देते. खंडोबावर आणि धनगरांवर आयुष्यभर काम केलेले जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर. हे आडनाव म्हणजे सोंटहाइम या गावनावाला '-अर' लावलेलं, आपलं '-कर' लागतं तसंच. सोंटहाइम म्हणजे दक्षिणेकडची वस्ती. पण या नावाची गावं नैऋत्य जर्मनीत एकाहून जास्त आहेत, एक ब्रेन्त्स नदीकाठी, एक आता हाइलब्रोन शहराचाच भाग झालेलं, आणखीही आहेत. म्हणजे अर्थ पाठ झाला तरी अमुक एक सोंथायमर कुटुंब कुठल्या सोंटहाइमचं, हे नोंदी पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

आता 'आज किती जण लावतात'. जर्मनीत आडनावांची सरकारी मोजणी प्रसिद्ध होत नाही. रहिवाशांची नोंद प्रत्येक गाव, प्रत्येक शहर आपापली ठेवतं. म्हणून अभ्यासकांनी डॉइचे टेलिकॉमच्या २००५ सालच्या लँडलाइनच्या यादीवर भिस्त ठेवली. फ्रायबुर्ग आणि माइन्त्सच्या विद्यापीठांतल्या मंडळींनी त्यावरून आडनावांचा नकाशासंग्रह केला, तो २००९ ते २०१८ या काळात सात खंडांत निघाला. माइन्त्सच्या अकादमीचा ऑनलाइन आडनाव-कोश, डीएफडी, तो फुकट बघता येतो. सुरुवात तिथून करा. २००५ ची यादी सोयीची, कारण तोवर बहुतेक घरांत लँडलाइन होती. पुढे लोकांनी फोन काढून टाकले, नंबर यादीत देणं बंद केलं. त्यामुळे आजच्या फोनबुकात तुमच्या आडनावाची घरं कमी दिसतात याचा अर्थ घराणं संपत आलं असा काढू नका.

एक फोन म्हणजे एक घर. माणसांचा अंदाज हवा तर अडीच ते तीनने गुणतात. पण हा हिशेब म्युलरसाठी ठीक. जिथे मुळात तीस-चाळीसच फोन आहेत तिथे एकटे राहणारे आजोबा आणि एकाच घरातले दोन फोन सगळं गणित बिघडवतात. 'शंभराच्या आसपास' इतकंच म्हणा आणि पुढे जा. जगभरातले आकडे शेवटच्या माणसापर्यंत नेमके सांगणाऱ्या साइट्सवर माझा काडीचा विश्वास नाही.

नकाशा बघताना एक पथ्य पाळा. निव्वळ संख्येचा नकाशा नेहमी बर्लिन, हाम्बुर्ग, म्युनिक दाखवतो, कारण माणसंच तिथे जास्त. लोकसंख्येच्या प्रमाणात काढलेला नकाशा बघा. आमच्या नावाचा ठिपका त्यावर म्युन्स्टरच्या पूर्वेला दोन शेजारी तालुक्यांत बसला होता. तुमचाही असा एकाच ठिकाणी दाटलेला दिसला तर अर्धं काम झालं. विखुरलेला दिसला तर घराणं पूर्वेकडचं असू शकतं. सायलेसिया, पूर्व प्रशिया, पोमेरेनिया आणि पूर्व युरोपातले इतर भाग इथून दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आणि त्यानंतर सव्वा कोटीच्या आसपास जर्मनांना पळावं लागलं किंवा हुसकावलं गेलं, आणि त्यांची आडनावं देशभर पांगली. त्याआधीचं चित्र हवं असेल तर पहिल्या महायुद्धातल्या जखमी, मृत, बेपत्ता सैनिकांच्या याद्या बघा. संगणक-वंशावळीच्या संघटनेच्या (कॉम्पगेन) स्वयंसेवकांनी त्या टंकून फुकट उपलब्ध केल्यात, आडनाव टाकलं की गाव येतं. दुर्मीळ आडनावासाठी याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

आता खरी गुंतागुंत. वेस्टफालियात, ओस्नाब्र्युकच्या बाजूला, लिप्पेत, आडनाव बापाकडून येईलच असं नव्हतं. ते शेतवाडीचं होतं. वाडीवर मुलगी वारस असली की घरजावई वाडीचं नाव घेई. नोंदीत मग 'अमुक गेनान्ट तमुक' असं येतं, म्हणजे 'तमुक म्हणवणारा अमुक'. लॅटिन नोंदींत त्याच जागी 'मोडो', 'वुल्गो', 'डिक्टुस' असे शब्द असतात. कुटुंब एका वाडीवरून दुसरीवर गेलं तर एकाच आईबापांची मुलं वेगवेगळ्या आडनावांनी नोंदलेली सापडतात. १८२२ साली प्रशियाच्या राजाने (वेस्टफालिया तेव्हा त्याच्याच राज्यात होतं) परवानगीशिवाय आडनाव बदलायला बंदी केली, पण गावं काय लगेच ऐकतात? वरच्या वर्गातही हेच. द्रोस्टे-ह्युल्सहोफ ही कवयित्री, वीस मार्कच्या जुन्या नोटेवर होती ती. तिचं घराणं आधी 'फॉन डेकेनब्रोक' होतं. द्रोस्ट हे कारभाऱ्याचं पद होतं, ते आडनाव झालं, आणि ह्युल्सहोफ ही १४१७ मध्ये हाती आलेली जहागीर. देशमुख-कुलकर्ण्यांच्या मुलखातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आणि तुमचं '-ब्रोक' बघा कुठे बसतं ते.

या 'गेनान्ट'नेच आमचे सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ खाल्ला. म्हणजे दोष त्याचा नव्हे, एका कचेरीचा. नाव घेत नाही.

नवऱ्याच्या पणजोबांचा जन्म १८८९ चा. आम्ही रीतसर अर्ज केला. आधी कितीतरी महिने सामसूम. मग पत्र आलं की डेटा-संरक्षणामुळे माहिती देता येत नाही, आणि सून म्हणून तुमचा हक्क लागत नाही. ठीक, नवऱ्याच्या सहीने पुन्हा पाठवलं. मग उत्तर: अशी नोंदच नाही. सोबत शोधशुल्काचं बिल. त्या 'नोंदच नाही'वर विसंबून आम्ही तासावर पैसे घेणारा संशोधक लावला आणि त्याने इमानेइतबारे आजूबाजूच्या चार गावांच्या नोंदवह्या उपसल्या. तिथे काही नव्हतंच, असणार कुठून?

खरं काय होतं ते ऐका. २००९ पासूनच्या कायद्यानुसार जन्मनोंद ११० वर्षांनी, विवाहनोंद ८० वर्षांनी आणि मृत्यूनोंद ३० वर्षांनी श्टांडेसआम्टच्या हातातून सुटते आणि अभिलेखागारात जाते. तिथे ती कुणीही बघू शकतं, सून असो की शेजारी. १८८९ ची नोंद आम्ही मागितली तेव्हा त्या कचेरीच्या ताब्यातच नव्हती. डेटा-संरक्षणाचा संबंध नव्हता, नात्याचा तर त्याहून नाही. 'वही अभिलेखागारात आहे, तिकडे विचारा' एवढं एक वाक्य लिहायचं होतं. ते कुणी लिहिलं नाही. उलट शिल्लक राहिलेल्या सूचीत आमचं आडनाव शोधलं, सापडलं नाही, शिक्का मारला. सापडणार कसं? पणजोबांचे वडील घरजावई, त्यामुळे सूचीत ते जुन्या आडनावाखाली होते आणि वाडीचं नाव 'गेनान्ट'पुढे, आखूड करून लिहिलेलं. गावच्या इतिहासमंडळातल्या एका निवृत्त गृहस्थांनी हे फोनवर ऐकता ऐकता ओळखलं. अभिलेखागारातल्या बाईंनी त्याच दिवशी वही टेबलावर ठेवली. चिडचिड अशी की आजही त्या कचेरीवरून गाडी गेली तर नवरा मुद्दाम रेडिओचा आवाज वाढवतो.

तेव्हा तुम्हाला आलेलं पत्र पुन्हा वाचा. 'देता येत नाही' आणि 'आमच्याकडे नाही' यात फरक आहे, आणि 'सापडली नाही' हे तिसरंच काहीतरी. शिवाय १८७४ पासून प्रशियात (उरलेल्या जर्मनीत १८७६ पासून) प्रत्येक नोंद दोन प्रतींत व्हायची. वेस्टफालियातल्या दुसऱ्या प्रती डेटमोल्डच्या राज्य अभिलेखागारात आहेत, ऱ्हाइनलँडच्या डुइसबुर्गला. एका दारातून परत पाठवलं तर दुसरं दार आहे.

माझी पद्धत आता अशी: जन्मनोंदीच्या मागे लागायचंच नाही, मृत्यूनोंद आधी मागवायची. ती तीस वर्षांत खुली होते, आणि जुन्या प्रशियन मृत्यूनोंदीत बहुधा जन्मगाव आणि आईबापांची नावं असतात. मागताना छापील दाखला नको, मूळ वहीतल्या पानाची प्रत हवी असं लिहा. समासातले शेरे दाखल्यात येतातच असं नाही, आणि आडनाव बदललं असेल तर ते समासातच असतं.

ह्युगेनोंबद्दल. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना बोलू द्या, फक्त वहीत उतरवून घ्या. '-ब्रोक' हे शुद्ध खालच्या जर्मन बोलीतलं आहे, फ्रेंच वास त्याला नाही. (आईकडून ह्युगेनो रक्त असूही शकतं, ती गोष्ट वेगळी.) दंतकथा मोठमोठ्यांच्या घरी होत्या. तत्त्वज्ञ कांटला वाटायचं आपले आजोबा स्कॉटलंडहून आले. संशोधकांना त्याचे पूर्वज मेमेलच्या परिसरात, म्हणजे आजच्या लिथुआनियात सापडले. दुसरा तत्त्वज्ञ नीत्शे स्वतःला पोलिश सरदारांचा वंशज म्हणवायचा. त्याचे पूर्वज निघाले साधे जर्मन, आणि आडनाव म्हणजे निकोलाउसचं पूर्वेकडचं लाडकं रूप. नित्शे, नित्झ्शे ही त्याचीच भावंडं. तुमच्या नावाचीही अशी भावंडं शोधा: -ब्रोक, -ब्रूक, -ब्रोख. स्पेलिंग पक्कं झालं ते श्टांडेसआम्ट आल्यावर. त्याआधी पाद्रीबुवा ऐकू येईल तसं लिहीत.

कुलचिन्हाचं मात्र स्पष्ट सांगते, ते उतरवून ठेवा. कुलचिन्ह आडनावाचं नसतं, विशिष्ट घराण्याचं असतं. त्या साइटने तुम्हाला दुसऱ्याच कुणाचं विकलं असण्याची शक्यता दाट आहे.

जाता जाता सुटे मुद्दे. अठराव्या शतकातल्या नोंदींत बाईच्या आडनावाला '-इन' लागतं. नॉयबर या नाटकमंडळीच्या प्रमुख बाईंना सगळे 'नॉयबरिन' म्हणत. ते वेगळं आडनाव समजून फाइल उघडू नका. घरात कपाटाच्या तळाशी १९३० च्या दशकातलं 'आनेनपास' (नाझी राजवटीत आपण 'आर्य' वंशाचे हे दाखवायची पूर्वजांची पुस्तिका) निघालं तर त्यातली माहिती उपयोगी असते, पण ते कशासाठी करायला लावलं होतं हे नवऱ्याला ठाऊक असेल. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर काढू नका, एकट्याशी बोला. कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीत e आणि n जुळे दिसतात, वाचन ट्रान्स्क्रिबुस या हस्ताक्षर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरकडून करून घेतलंत तरी स्वतः तपासा. आणि तुम्ही स्वतःचं माहेरचं आडनाव सोडलं म्हणून हळहळ लिहिलीय, तर १ मे २०२५ पासून जर्मनीत नवरा-बायको दोघांनाही जोड-आडनाव घेता येतं. आधी लग्न झालेल्यांनाही वाट ठेवलीय, श्टांडेसआम्टला विचारा. (हो, त्यांनाच. इलाज नाही.)

कॅथलिक असाल तर म्युन्स्टर धर्मप्रांताच्या नोंदवह्या मात्रिकुला या साइटवर फुकट आहेत. प्रोटेस्टंटांसाठी आर्खिओन ही साइट, तिथे पैसे पडतात, एक महिन्याचा पास घेऊन सुट्टीत बसा. पोस्टमध्ये तुम्ही पणजोबांचं जन्मसाल दिलंय पण गाव आणि पंथ दिलेला नाही. तेवढं खाली लिहा. आणि आलेल्या पत्रातलं नकाराचं वाक्य नावं झाकून जसंच्या तसं टाका, म्हणजे ती वही नेमकी कुणाकडे आहे ते बघता येईल.