बारावीनंतर केमिकल ऑपरेटर: ठेकेदाराचा गेटपास की शिकाऊ उमेदवारी?

प्रश्न: मुलगा १९ वर्षांचा, बारावी सायन्स, ५६ टक्के. समुद्रपूर तालुक्यात आमची चार एकर कोरडवाहू शेती, कापूस आन् तूर. बुटीबोरीत ‘केमिकल ऑपरेटर’ म्हणून लावून देतो, असं एक ठेकेदार म्हणतो. १५ हजार मागतो. मुलाची आई केमिकलच्या नावानंच भिते. पाठवावं का? — एक पालक, जि. वर्धा

नमस्कार भाऊ,

पैसे देऊ नका. मजूर पुरवायचे पैसे ठेकेदाराला कंपनी देते. तुमच्याकडून वेगळे घ्यायचं त्याला कारण नाही. शिवाय त्यानं ‘ऑपरेटर’ म्हटलं तरी ठेकेदाराच्या गेटपासवर आत गेलेला नवा पोरगा बहुतेक ठिकाणी हेल्पर असतो. पोती वाहायची, २०० लिटरचे ड्रम लोटायचे, फरशी धुवायची. ते काम कमीपणाचं नाही, पण तीन वर्षांनीही तो तिथंच राहू शकतो, कारण बॅचशीट (माल कोणत्या क्रमानं बनवायचा आणि काय नोंदवायचं, तो कागद) त्याच्या हातात कुणी देत नाही.

ऑपरेटरचं काम अंगमेहनतीपेक्षा नजरेचं आणि नोंदीचं आहे. शिफ्ट साधारण ७ ते ३, ३ ते ११, ११ ते ७ अशा फिरतात. आधीच्या माणसाकडून चार्ज घेताना कोणत्या रिअॅक्टरमध्ये (रसायनं मिसळून माल बनवायचं मोठं भांडं) कोणती बॅच (एका वेळी बनणारा माल) आहे, ती कोणत्या पायरीवर आहे, कोणता पंप दुरुस्तीला गेला, कोणता व्हॉल्व्ह मुद्दाम बंद ठेवलाय, हे सगळं विचारून घ्यायचं. मग बॅच सुरू. तळाचा व्हॉल्व्ह बंद आहे हे स्वतः खाली जाऊन पाहायचं (तो उघडा राहिला की सॉल्व्हंट, म्हणजे रसायन विरघळवणारं द्रव, थेट फरशीवर), ठिणगी पडू नये म्हणून अर्थिंगची क्लिप लावायची, सॉल्व्हंट घ्यायचा, स्टरर (आतला ढवळणारा पंखा) चालू करायचा, जॅकेटला (भांड्याभोवतीचं दुसरं कवच) थंड पाणी सोडायचं आणि वरच्या टाकीतून दुसरं द्रव्य दोन-तीन तासांत हळूहळू सोडत राहायचं. दर पंधरा मिनिटांनी किंवा बॅचशीटमध्ये लिहिलं असेल तसं तापमान नोंदवायचं. पुढं गरम करायचं असेल तर जॅकेटला वाफ, मग लॅबला नमुना. लॅबनं होकार दिल्यावर सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून द्रव वेगळं करणारं यंत्र), ड्रायर, पॅकिंग.

अपघात होतात ते याच साध्या पायऱ्यांवर. समजा, द्रव्य सोडताना स्टरर बंद पडला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. तापमान वाढत नाही, म्हणून सगळं ठीक वाटतं. प्रत्यक्षात द्रव्य न मिसळता साचत असतं. अर्ध्या तासानं कुणी स्टरर चालू केला की साचलेलं सगळं एकदम मिसळतं, उष्णता एकदम निघते आणि थंड पाणी पुरत नाही. म्हणून स्टरर थांबला की पहिल्यांदा द्रव्य बंद करायचं, मग शिफ्ट इनचार्जला बोलवायचं. स्वतःच्या डोक्यानं स्टरर पुन्हा चालू करायचा नाही. ग्लासलाइन्ड रिअॅक्टरला आतून काचेचा थर असतो. गरम भांड्याला एकदम गार पाणी दिलं, किंवा अडकलेला माल लोखंडी सळईनं खुपसला, तर थर तडकतो आणि अॅसिड खालचं पोलाद खायला लागतं. आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात पडलेला ड्रम आतून फुगलेला असतो. त्याचं बूच झटक्यात काढलं तर तोंडावर फवारा येतो.

आणि शिफ्ट संपताना आठ तासांचे आकडे एका बैठकीत लिहून काढणारे महाभाग सगळीकडे असतात. तुमच्या मुलानं ती सवय लावून घेतली तर या कामात तो धोक्याचा माणूस ठरेल, मग हुशार कितीही असो.

आईची भीती खोटी नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेली विषबाधा आपल्या भागात कुणी विसरलेलं नाही. तोंडाला रुमाल बांधून वाफ अडत नाही. धुळीचा मास्कही ती अडवत नाही. त्यासाठी कार्ट्रिजचा (वाफ शोषणारी डबी लावलेला) मास्क लागतो, आणि सॉल्व्हंट, अॅसिड, अमोनिया यांच्या कार्ट्रिज वेगवेगळ्या असतात. दाढी वाढलेली असेल तर मास्क चेहऱ्याला बसत नाही. पण ऑक्सिजनच कमी असेल तिथं कुठलीही कार्ट्रिज वाचवत नाही. रिकाम्या टाकीत नायट्रोजन भरलेला असेल तर ती जुन्या बंद विहिरीसारखी असते: वास नाही, धूर नाही, उतरलेला माणूस पडतो आणि त्याला काढायला धावलेला दुसराही पडतो. लेखी परमिट, ऑक्सिजनची मोजणी (किमान १९.५ टक्के) आणि बाहेर दोरी धरून उभा माणूस, यातलं एक जरी नसलं तरी आत उतरायचं नाही, हे मुलाच्या डोक्यात आजच घाला. अंगावर अॅसिड किंवा कॉस्टिक (कॉस्टिक सोडा) उडालं तर कपडे काढून निदान १५ मिनिटं वाहतं पाणी, डोळ्यांनाही तसंच. मलम शोधत बसायचं नाही.

आता रस्ता. घरातून दोन वर्षं निघत असतील, तर बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या केमिकल डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. त्याचे विषय पात्र ठरतात का, ते माहितीपुस्तिकेत पाहा. आयटीआयचा ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’ हा ट्रेडही दोन वर्षांचाच आहे, पण तो प्रत्येक आयटीआयत नसतो. हातात काम बसतं ते आयटीआयत, पण शिफ्ट इनचार्जपर्यंत जायला डिप्लोमा बरा. माझं मत डिप्लोमाकडे झुकतं, कारण बारावी झालेलीच आहे. फक्त गणित कच्चं असेल तर हट्ट करू नका.

दोन वर्षं निघत नसतील तर केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करून शिकाऊ उमेदवार म्हणून जावं. विद्यावेतन पगारापेक्षा कमी मिळतं, पण करार लेखी असतो आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. बुटीबोरीशिवाय हिंगणा, देवळी, चंद्रपूरकडेही बघा. बल्लारपूरच्या कागद कारखान्यातही रसायनांचंच काम चालतं. नागपूर-अमरावती रस्त्यावरचे स्फोटकांचे कारखाने मात्र यात धरू नका. तिथला धोका वेगळ्या जातीचा आहे, आणि पहिली नोकरी म्हणून तिकडं पाठवा असं मी म्हणणार नाही.

गणित तपासायला मुलाला हे एक घालून बघा: ४८ टक्क्यांची कॉस्टिक लाय (कॉस्टिक सोड्याचं पाण्यातलं द्रावण) आहे, ३० टक्क्यांचं ६०० किलो द्रावण हवं आहे. किती लाय, किती पाणी? उत्तर ३७५ किलो लाय आणि २२५ किलो पाणी. आधी पाणी घ्यायचं, त्यात हळूहळू लाय सोडायची, जॅकेट थंड ठेवून. हे त्याला कागदावर दहा मिनिटांत जमलं तर मुलाखतीची फार चिंता नको.

नोकरी मिळालीच, तर नेमणूकपत्र कुणाच्या नावानं आहे ते आधी बघा. पीएफचा यूएएन नंबर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा) मागा. पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयचा (कामगार विमा योजनेचा) नंबरही हवा. त्यात कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत बऱ्याच ठिकाणी रंग ओळखायला लावतात, कारण पाइपलाइन रंगांवरून ओळखतात. त्यामुळे जवळच्या सरकारी दवाखान्यात डोळे आधीच तपासून घ्या. आधार, बँक पासबुक आणि बारावीची गुणपत्रिका यांवरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे ना, हेही आताच बघून ठेवा. पोर्टलवरची नोंदणी तिथंच अडते.