वाचकांचे प्रश्न : चषक एकाने जिंकला, जागा तिसऱ्याची गेली

प्रश्न : मे २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडने इंग्लंडच्या एफए चषकाच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला हरवले आणि त्याच रात्री न्यूकॅसलची युरोपातील जागा गेली. न्यूकॅसल त्या सामन्यात नव्हताच, शिवाय प्रीमियर लीगमध्ये तो युनायटेडच्या वर होता. मग हे कसे झाले? आणि आपल्या एफसी गोवाला असे चषकाचे दार उपलब्ध आहे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : युरोपीय फुटबॉलची शिखर संस्था युएफा प्रत्येक देशाला ठरावीक जागा देते. त्यांतील बहुतेक जागा लीगच्या गुणतालिकेला आणि एखाद-दुसरी चषक स्पर्धेला बांधलेली असते. २०२३-२४ च्या हंगामात इंग्लंडमधील पहिले चार संघ युरोपातील सर्वांत वरच्या चॅम्पियन्स लीगला, पाचवा संघ आणि एफए चषकाचा विजेता दुसऱ्या पायरीच्या युरोपा लीगला, तर लीग चषकाचा, म्हणजेच काराबाओ चषकाचा, विजेता तिसऱ्या पायरीच्या कॉन्फरन्स लीगला जाणार होता. चषक जिंकणारा संघ लीगमधील क्रमांकाच्या बळावर आधीच तितक्याच किंवा त्याहून वरच्या स्पर्धेस पात्र ठरलेला असेल, तर चषकाची जागा रद्द होत नाही. ती गुणतालिकेत परत येते आणि पात्र न ठरलेल्यांपैकी सर्वांत वरच्या संघाला मिळते. सगळी मेख या कलमात आहे.

आता २५ मे २०२४ ची स्थिती पाहा. लीग संपलेली होती. सिटी विजेता होता आणि लीग चषक जिंकणारा लिव्हरपूल तिसरा होता, त्यामुळे लिव्हरपूलच्या चषकाची जागा गुणतालिकेत परत आलेलीच होती. सिटीने एफए चषकही जिंकला असता तर तीही जागा परत आली असती आणि पाचवा टॉटनहॅम व सहावा चेल्सी युरोपा लीगला, तर सातवा न्यूकॅसल कॉन्फरन्स लीगला गेला असता. परंतु गार्नाचो आणि मायनू यांच्या गोलांमुळे युनायटेड २-१ असा जिंकला. आठव्या क्रमांकावरच्या युनायटेडने युरोपा लीगची जागा थेट उचलली, चेल्सी एक पायरी खाली कॉन्फरन्स लीगमध्ये सरकला आणि न्यूकॅसलला काहीच उरले नाही. विशेष म्हणजे युनायटेड आणि न्यूकॅसल या दोघांचेही ६० गुण होते आणि गोलफरकात न्यूकॅसल कितीतरी पुढे होता. पण चषकाच्या जागेपुढे गोलफरकाला कोण विचारतो!

पूर्वी नियम वेगळा होता. विजेता चॅम्पियन्स लीगला पात्र असेल तर चषकाची जागा उपविजेत्याला मिळत असे. याच वाटेने दुसऱ्या श्रेणीतला मिलवॉल २००४ मध्ये युनायटेडकडून ३-० असा हरूनही युएफा चषकात (युरोपा लीगचे जुने नाव) खेळला. २०१० मध्ये चेल्सीकडून हरलेल्या पोर्ट्समथलाही ही संधी होती, परंतु आर्थिक दिवाळखोरीमुळे त्याला युएफाचा परवाना मिळाला नाही आणि सातव्या क्रमांकाचा लिव्हरपूल युरोपात गेला. २०१५-१६ च्या हंगामापासून उपविजेत्याची ही सवलत बंद झाली, ते योग्यच झाले असे आमचे मत आहे, कारण अंतिम सामना हरणाऱ्याला बक्षीस देण्यापेक्षा ३८ सामने खेळून वर राहिलेल्याला ते देणे अधिक न्याय्य आहे. विजेत्याचा हक्क मात्र अबाधित आहे, मग त्याचे लीगमध्ये काहीही होवो. २०१३ मध्ये विगनने सिटीला हरवून चषक जिंकला, तीनच दिवसांनी तो प्रीमियर लीगमधून खाली घसरला, आणि तरीही पुढच्या हंगामात दुसऱ्या श्रेणीत राहून युरोपा लीग खेळला.

एफसी गोवाची गोष्ट याच जातीची आहे. २०२४-२५ मध्ये तो इंडियन सुपर लीगच्या गुणतालिकेत दुसरा आला आणि पहिल्या क्रमांकाची ढाल मोहन बागानने नेली. आशियाचे दार गोव्यासाठी सुपर चषक या भारतातील चषक स्पर्धेने उघडले : मे २०२५ मध्ये भुवनेश्वरला जमशेदपूरवर ३-० असा विजय, ऑगस्टमध्ये फातोर्ड्याच्या मैदानावर पात्रता सामन्यात ओमानच्या अल सीबवर २-१ असा विजय, आणि मग एएफसी चॅम्पियन्स लीग टू या आशियातील दुसऱ्या पायरीच्या स्पर्धेच्या गटात थेट रोनाल्डोचा सौदी संघ अल नासर. (रोनाल्डो फातोर्ड्याला आलाच नाही, ही हळहळ वेगळी.) प्रत्येक चषकाला असे दार नसते; २०२१ मध्ये गोव्याने ड्युरंड चषक जिंकला, त्यातून आशियाई स्पर्धेचा प्रवेश मिळत नव्हता.

प्रश्न : क्रिस्टल पॅलेसने २०२५ मध्ये एफए चषक जिंकला, तरी त्याला युरोपा लीग का नाकारली गेली?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : मालकीमुळे. पॅलेसमधील भागीदार जॉन टेक्स्टर यांची मालकी फ्रान्सच्या लिऑनवरही होती, आणि एकाच मालकाचा निर्णायक प्रभाव असलेले दोन संघ युएफाच्या एकाच स्पर्धेत खेळू शकत नाहीत. ही गुंतागुंत सोडवण्यासाठी १ मार्च २०२५ ही मुदत होती. पॅलेसने चषक जिंकला तो १७ मे रोजी. अशा पेचात देशांतर्गत लीगमधील क्रमांक पाहिला जातो. लिऑन सहावा होता, पॅलेस बारावा. म्हणून पॅलेसची रवानगी कॉन्फरन्स लीगमध्ये झाली, क्रीडा लवादानेही ऑगस्टमध्ये त्याचे अपील फेटाळले आणि युरोपा लीगमधील ती जागा लीगमध्ये सातव्या आलेल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टला मिळाली. मार्चमध्ये कोणत्या संघाला आपण मे महिन्यात चषक उचलू याची खात्री असते, हा पॅलेसच्या चाहत्यांचा सवाल आम्हाला रास्त वाटतो.