सकाळी एक नियम, संध्याकाळी दुसरा: आमच्या वाचनालयातला विकीचा अनुभव

तुमच्या नाशिकच्या वाचनालयात कामाचे नियम एका जागी राहावेत म्हणून विकी, म्हणजे सगळ्यांना लिहिता-बदलता येतील अशी संगणकावरची पानं, सुरू करायचाय ही तुमची पोस्ट वाचली आणि आमचा देवघेव काउंटर डोळ्यांसमोर आला. सकाळची पाळी सभासदाला सांगणार 'अनामत पंधरा दिवसांनी', संध्याकाळची म्हणणार 'आत्ताच घेऊन जा', आणि खरा निर्णय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाढदिवसाच्या केकांखाली गाडलेला. आमचं वाचनालयही नाशिकचंच, एक शाखा नाशिकरोडला, मिळून नऊ जण. आता निवृत्त आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

विकी कसा बसवायचा ते सांगत बसत नाही, ते कुठेही मिळेल. आम्ही डोकुविकी हा विकीचा प्रोग्राम घेतला. त्याला डेटाबेस लागत नाही, पानं साध्या टेक्स्ट फाइलींत राहतात, फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला की बॅकअप झाला. विकिपीडिया ज्यावर चालतो तो मीडियाविकी आमच्यासारख्यांना जड, असं माझं मत. (विकी म्हणजे हवाई बेटांच्या भाषेत 'झटपट'. आम्हाला पहिलं पान लिहायला तीन आठवडे लागले.)

आता माझी घोडचूक. मी सगळ्यांना मिळून एकच लॉगिन दिलं, 'काउंटर' नावाचं, आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवला. कोणी विसरायला नको, एवढाच विचार. विकीचा जीव त्याच्या इतिहासात असतो: कोणी, कधी, काय बदललं. आमच्या इतिहासात वरपासून खालपर्यंत काउंटर, काउंटर, काउंटर. एका मार्चमध्ये अनामतीच्या पानावरून 'पावती हरवली असल्यास अर्ज घ्यावा' ही ओळ उडाली. आठवडाभर संध्याकाळी पावतीशिवाय पैसे दिले गेले, आणि एका सभासदाला अनामत दोनदा गेली. हिशेब तपासताना ते निघालं. ओळ परत आणायला मिनिटही लागलं नाही. पण उडवली कोणी? संशय शिपाईमामांवरसुद्धा गेला, ज्यांनी कीबोर्डला कधी हात लावला नव्हता! दोन सहकारी बायका त्यावरून बोलेनाशा झाल्या, त्या मी निवृत्त होईपर्यंत तशाच. खरं सांगू? पानं नीटनेटकी करताना बहुधा मीच ती उडवली असेन. इतिहास बघून कळायची सोय मीच ठेवली नव्हती.

तेव्हा प्रत्येकाला स्वतःचं खातं द्या, मामांनासुद्धा. बदल केला की खाली कारणाची एक ओळ. मात्र प्रत्येक बदलाला ग्रंथपालांची मंजुरी ठेवू नका, वाट बघून लोक पुन्हा ग्रुपवर जातात. फक्त अनामत, वर्गणी, दंड ही पैशाची पानं एका-दोघांच्याच हातात ठेवा. ग्रुप बंद करायची गरज नाही, पण तिथे नियम लिहायचा नाही, पानाची लिंक टाकायची. सभासदांचे फोन नंबर विकीवर नकोतच. हे नऊ जणांपुरतं बोलतेय हं, कॉलेजच्या मोठ्या ग्रंथालयाचं गणित वेगळं असेल.

अजून एक: जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली परिपत्रकं तशीच चिकटवू नका. दिसतं ते कडबोळं, आणि शोधून काही सापडत नाही. पानात 'अनामत' आणि 'डिपॉझिट' दोन्ही शब्द ठेवा, माणसं दोन्ही शोधतात.

आणि हो, ज्यांनी आम्हाला विकी बसवून दिला त्यांनी वेगळी खाती काढायचे वेगळे पैसे सांगितले, वर दोन महिने 'उद्या येतो' चालू. शेवटी माझ्या भाच्याने रविवारी येऊन नऊ खाती काढून दिली. चहा धरून अर्धा तास.