नगरपरिषदेचा ठराव, नाल्याअलीकडची गल्ली आणि हुकलेले दहा दिवस

प्रश्न (संक्षेपाने) : डिसेंबर २०२५ मध्ये झालेल्या आमच्या नगरपरिषदेच्या निवडणुकीत मी उमेदवार होतो आणि ३१ मतांनी पराभूत झालो. नव्या प्रभाग रचनेत नाल्याच्या अलीकडची आमची गल्ली, म्हणजे सुमारे १८० मतदार, शेजारच्या प्रभागात गेली. निकालानंतर पाचव्या दिवशी मी मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली असून तिची पोहोच माझ्याकडे आहे. आता नव्या सभागृहात दोन सदस्यीय प्रभाग पद्धत बंद करावी, सीमा नव्याने आखाव्यात आणि नगराध्यक्षाची निवड नगरसेवकांतून व्हावी, अशा ठरावावर दोन सभांपासून चर्चा सुरू आहे. ठराव मंजूर झाला तर डिसेंबरची निवडणूक रद्द होईल, असे एका नगरसेवकांनी मला सांगितले. हे खरे आहे का? तोच ठराव पुरावा म्हणून जोडून मला उच्च न्यायालयात जाता येईल का?

उत्तर : या आशयाची पत्रे गेल्या काही महिन्यांत वेगवेगळ्या गावांतून आली आहेत आणि त्या सगळ्यांत एक साम्य आहे. सभागृहात कोण काय बोलले, कोणी सभात्याग केला, कोणत्या गटाने बाजू बदलली, हे सारे त्यांत तपशीलवार असते. निवडून आलेल्यांची नावे राजपत्रात कोणत्या दिवशी प्रसिद्ध झाली, हे मात्र एकातही नसते. आपल्या पत्रातही ती तारीख नाही. आपले संपूर्ण प्रकरण त्याच एका तारखेवर अवलंबून आहे, म्हणून आपल्या दोन्ही प्रश्नांआधी तिच्याबद्दल लिहितो.

महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम २१ नुसार नगरसेवकाच्या निवडणुकीला आव्हान द्यायचे असेल तर निवडणूक याचिका करावी लागते, ती जिल्हा न्यायालयात करावी लागते आणि नावे प्रसिद्ध झाल्यापासून दहा दिवसांच्या आत करावी लागते. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-यछ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, राज्याच्या कायद्याने ठरवून दिलेल्या निवडणूक याचिकेशिवाय नगरपालिकेची कोणतीही निवडणूक अन्य मार्गाने प्रश्नास्पद करता येणार नाही. याचा अर्थ दार एकच आहे आणि ते दहा दिवसच उघडे असते. आपली मतमोजणी २१ डिसेंबर २०२५ रोजी झाली आणि आपण मला लिहीत आहात पाच महिन्यांनी. नावे प्रसिद्ध व्हायला काही कारणाने विलंब झाला असेल, तरी तो पाच महिन्यांचा असण्याची शक्यता मला दिसत नाही. राजपत्राची प्रत मिळवून तारीख तपासा. पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. विलंबमाफीचा अर्ज करता येईल का, असे आपण पुढे विचारालच, म्हणून आताच सांगतो : निवडणूक याचिकांच्या मुदतीकडे न्यायालये दिवाणी दाव्याच्या मुदतीसारखे पाहत नाहीत, आणि माफी मिळेल असे धरून कोणत्याही अशिलाला खर्चात पाडायला मी तयार होणार नाही.

आपण पत्रासोबत तक्रारीच्या पोहोचेची छायाप्रत जोडली आहे. तीवर जांभळ्या शाईचा गोल शिक्का आहे, आवक क्रमांक आहे, २६ डिसेंबर ही तारीख आहे आणि खाली लिपिकाची अर्धवट सही आहे. म्हणजे मतमोजणी होऊन अवघे पाच दिवस झाले होते आणि आपण तालुक्याच्या गावी रांगेत उभे राहून एक कागद दाखल करत होतात. तेवढ्याच श्रमात जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या वकिलाला भेटला असतात, तर आज हे उत्तर वेगळे लिहिले असते. मुख्याधिकाऱ्यांना निवडणूक रद्द करण्याचा अधिकार नाही, त्यांच्याकडे केलेल्या तक्रारीने मुदतीचा एक दिवसही वाढत नाही, आणि फेब्रुवारीत आपल्याला आलेले ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही’ हे दीड ओळीचे उत्तर त्यांनी पहिल्याच दिवशी दिले असते तर बरे झाले असते. त्यांनी ते दिले नाही, याचा राग समजू शकतो. पण त्या रागातून न्यायालयात मांडता येईल असे कोणतेही कारण निर्माण होत नाही.

ही मुदत फार तोकडी आहे, हे मीही मानतो. राज्यातील बहुतेक नगरपरिषदांवर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक बसले होते. आरक्षणाचा वाद न्यायालयात तारखांमागून तारखा घेत राहिला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे सांगितले आणि सप्टेंबरमध्ये तीच मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून दिली. ३ डिसेंबरला व्हायची मतमोजणी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाने २१ तारखेवर गेली. सगळ्या यंत्रणांना मुदतवाढ मिळाली आणि पराभूत उमेदवाराला मात्र दहाच दिवस. त्यातही मुदतीत दाखल झालेल्या याचिकेचे पुढे काय होते, ते वेगळेच. माझ्या एका अशिलाची याचिका नवव्या दिवशी दाखल केली होती. साक्षी पूर्ण होईपर्यंत त्या परिषदेचा पाच वर्षांचा कार्यकाळ संपला आणि याचिका निष्फळ ठरून निकाली निघाली. तरीही आधी तिला क्रमांक मिळाला होता, एवढाच फरक.

आता ठरावाविषयी. प्रभागात किती सदस्य असावेत आणि नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडावा की नगरसेवकांतून, हे राज्य विधिमंडळ ठरवते. २०१६ मध्ये नगराध्यक्षाची थेट निवड आली, २०२० मध्ये ती गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. तीनही वेळा बदल मुंबईत झाला आणि एकदाही कोणत्या नगरपरिषदेच्या ठरावाने झाला नाही. पद्धत बदलली म्हणून आधी पार पडलेली निवडणूक रद्द झाली, असेही घडलेले नाही. बदल पुढच्या निवडणुकीपासून लागू होतो. प्रभाग आखण्याचे काम पूर्वी राज्य निवडणूक आयोगाकडे होते, ते मार्च २०२२ च्या दुरुस्तीने राज्य शासनाकडे आले आणि २०२५ ची रचना नगरविकास विभागाच्या जून महिन्याच्या आदेशानुसार झाली. आराखडा मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात तयार होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वर जातो. या साखळीत सर्वसाधारण सभेला कोठेही स्थान नाही. म्हणून आपल्या सभागृहातला ठराव ‘शासनास विनंती करण्यात यावी’ अशा शब्दांत असेल तर ती एक विनंती आहे, आणि विनंती करण्याचा हक्क सभागृहाला आहे. तो ‘प्रभाग रचना रद्द करण्यात येत आहे’ अशा शब्दांत असेल, तर अधिकाराबाहेरचा म्हणून जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवू शकतील. (मला स्वतःला एका प्रभागाला एकच नगरसेवक असणे बरे वाटते, कारण नळाला पाणी आले नाही तर कोणाचे दार ठोठवायचे हे तरी माणसाला कळते, पण माझ्या आवडीला येथे किंमत नाही.) दोन्हीपैकी कोणत्याही शब्दरचनेने डिसेंबरच्या निकालाला धक्का लागत नाही. ज्या नगरसेवकांनी आपल्याला फेरनिवडणुकीचे आश्वासन दिले, त्यांनी त्यासाठी कोणत्या कलमाचा आधार घेतला, हे त्यांना लेखी विचारून पाहा.

पुरावा म्हणूनही ठरावाचा उपयोग मर्यादित आहे. प्रभाग आखले गेले तेव्हा हे सभागृह अस्तित्वातच नव्हते, त्यामुळे ‘परिषदेने चूक कबूल केली’ असा युक्तिवाद उभा राहत नाही; चूक असलीच तर ती परिषदेची नाही आणि कबुलीही त्यामुळे तिची नाही. मतदारसंघांच्या परिसीमनाचा, म्हणजे सीमा आखण्याचा, अंतिम आदेश कायद्याइतकाच बंधनकारक असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये मेघराज कोठारी प्रकरणात म्हटले आणि त्यानंतर ही भिंत बरीच भक्कम राहिली. २०२४ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने म्हटले की, रचना उघडउघड मनमानी असेल आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल, तर न्यायालयांचे हात पूर्णपणे बांधलेले नाहीत. ही फट आपल्याला पुरेल का, याची मला बरीच शंका आहे. त्याचे कारण आपल्याच पत्रातल्या नकाशात आहे. २०२५ चे प्रभाग २०११ च्या जनगणनेच्या प्रगणक गटांवरून, म्हणजे मोजणीसाठी आखलेल्या घरांच्या छोट्या समूहांवरून, आखले गेले आणि गट शक्यतो फोडायचा नाही, असा दंडक होता. आपली गल्ली आणि नाल्यापलीकडची वस्ती एकाच गटात असावी, असे नकाशावरून दिसते. तसे असेल तर नाला ही नैसर्गिक हद्द ओलांडली गेली, हे खरे असूनही त्याला मनमानी म्हणणे कठीण जाईल.

आपण एक गोष्ट मात्र स्पष्ट केलेली नाही. गल्लीच शेजारच्या प्रभागाच्या सीमेत गेली होती, की गल्ली आपल्याच प्रभागात होती आणि मतदार यादी प्रभागनिहाय फोडताना नावे तेवढी पलीकडे गेली? पत्रात आपण दोन्ही गोष्टी एकाच अर्थाने लिहिल्या आहेत. पहिल्या प्रकारात प्रारूप प्रभाग रचनेवर हरकत घ्यायची असते, दुसऱ्या प्रकारात प्रारूप मतदार यादीवर. दोन्हींसाठी जाहीर सूचना निघते आणि दोन्हींच्या मुदती अगदी थोड्या दिवसांच्या असतात. आपण दोन्ही वेळा हरकत घेतली नाही आणि त्याचे कारण ‘सगळ्यांनाच माहीत होते’ असे दिले आहे. सुनावणीच्या नोंदीत ‘सगळे’ नावाचा हरकतदार नसतो. उच्च न्यायालयात गेलात, तर पहिला प्रश्न हाच विचारला जाईल की वेळेवर हरकत का घेतली नाही. आणि उमेदवार असलेल्या माणसाकडून त्याचे समाधानकारक उत्तर येईल, असे मला वाटत नाही. त्यामुळे उच्च न्यायालयातील रिट याचिकेचा खर्च आज तरी करू नये, असा माझा सल्ला आहे.

यापुढे करण्यासारखे थोडेच आहे, पण ते नीट करा. प्रारूप आणि अंतिम प्रभाग रचनेचे नकाशे, उत्तर-पूर्व-दक्षिण-पश्चिम सीमांचे लेखी वर्णन, आपल्या प्रभागातील प्रगणक गटांचे क्रमांक आणि हरकतींवरील सुनावणीची नोंद, एवढे माहितीच्या अधिकारात मागवा. नावे चुकीच्या यादीत गेली असतील तर मूळ विधानसभा यादीतील पत्ते पाहा, कारण स्थानिक निवडणुकीची यादी तिच्यावरूनच फोडली जाते. पत्ता चुकला असेल तर नमुना ८ भरून आताच दुरुस्त करून घ्या. पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाची आहे. तिच्या वेळी प्रगणक गट नव्याने आखले जातील आणि आपल्या परिषदेची पुढची निवडणूक नेहमीच्या क्रमाने त्यानंतरच येईल. तेव्हाचे प्रभाग त्या नव्या गटांवर आखले गेले, तर नाल्याचा प्रश्न एकतर आपोआप सुटेल किंवा आहे तसाच परत येईल. सभागृहातील चर्चा अजून संपलेली नसेल, तर ठरावात नाल्याची हद्द आणि गटाचे क्रमांक नमूद करून घ्या. सीमा ‘नव्याने आखाव्यात’ एवढ्या मोघम शब्दांचा नगरविकास विभागात काही उपयोग होत नाही. आणि ती जांभळ्या शिक्क्याची पोहोच जपून ठेवा. पुढचे प्रारूप प्रसिद्ध होईल तेव्हा ती हरकतीला जोडता येईल. हरकत मात्र आपल्या स्वतःच्या नावाने, जाहीर सूचनेत दिलेल्या कार्यालयात आणि सूचनेत दिलेल्या तारखेच्या आत दाखल झालेली असावी.