जुनं घर घेतलंय? आधी नुसतं राहून बघा

आईबाबांच्या जवळ राहता यावं म्हणून जुनं घर घेतलं असेल तर बेस्ट केलंत, पण लगेच टाइल्स नि किचनच्या मागे लागू नका. जमलं तर एक पावसाळा तसाच काढा, छत कुठे गळतं, कुठली भिंत ओल धरते हे राहिल्याशिवाय कळतच नाही.

ओल दिसली की लगेच वॉटरप्रूफिंगवाल्याला फोन नको. भिंत वरून पुसून घ्या, फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, एक-दोन दिवसांनी बघा. भिंतीकडच्या बाजूला पाणी असेल तर ओल भिंतीतूनच येतेय, फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला असेल तर खोलीतली हवा दमट आहे, मग खिडक्या उघडा आणि पैसे वाचवा. आणि भिंती चुन्याच्या असतील तर त्यावर सिमेंटचं प्लास्टर अजिबात मारू देऊ नका (मिस्त्री म्हणेल काही होत नाही, ऐकू नका), ओल आत कोंडते नि मग पोपडे सुटतात.

वायरिंगची तपासणी मात्र लांबवू नका, अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडं घासू नका, घरात लहान मुलं असतील तर मुळीच नाही.

बाकी कामांचा क्रम असा: छत, पाइप, उरलेलं वायरिंग, मग प्लास्टर, रंग सगळ्यात शेवटी. नातेवाईक रोज येऊन रंग सुचवणारच, हो म्हणा आणि त्यांच्याकडून कामाच्या दिवसांत आंघोळीची सोय तेवढी पक्की करून घ्या.