जुनी फियाट दुसऱ्याला चालवायला द्यावी का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांची 1974 ची फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, तुम्ही खर्च करून नीट करून घेतली, आणि आता मित्र, पाहुणे, शेजारी सगळेच "एक चक्कर मारू दे ना" म्हणून मागे लागतात. नाही म्हणायचं जिवावर येतं आणि हो म्हणायची धास्ती वाटते.

माझं मत विचाराल तर गाडी द्या, पण किल्ली एकटी देऊ नका. शेजारच्या सीटवर तुम्ही बसलेले असलात तरच द्या.

आमचं घर भडगाव तालुक्यात, गिरणाकाठी. आजोबांची बैलजोडी होती आणि पेरणीच्या दिवसांत ती मागायला रोज कोणीतरी दारात उभं असायचं. आजोबा कोणाला परत पाठवत नसत. वडिलांना एवढंच सांगत, "बैल देवाना व्हई ते सालदारले संगे धाड." बैल द्यायचे तर सालदाराला सोबत पाठव. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी, आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतो तो पुढच्या आखाजीपर्यंत. कोणता बैल कोणत्या अंगाला जुंपायचा, कोणाचा खांदा सुजलाय, कोण दुपारी पाण्याशिवाय पाऊल उचलत नाही, हे त्याला वर्षभरात मालकापेक्षा जास्त कळलेलं असतं. बैल दुसऱ्याच्या शेतात राबायचे, पण कासरा ओळखीच्या हातात असायचा. हीच रीत मी गाडीला फार उशिरा लावली.

आमची फियाट 1979 ची. कागदावर ती प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसी. पण गावात तिला पद्मिनी कोणी कधी म्हटलं नाही. वडिलांनी बुकिंग करून बरीच वाट पाहिली तेव्हा ती आली. स्टिअरिंगवरचा गिअर, पुढे सलग एकच लांब सीट, चारही चाकांना ड्रम ब्रेक, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच घडलं.

2014 च्या मे महिन्यात कन्नडला लग्न होतं. परत येताना आमचे साडू म्हणाले, "घाट मी उतरवतो." माणूस वीस वर्षं गाडी चालवणारा, कधी कोणाला खरचटूही दिलेलं नाही. मी किल्ली दिली आणि मागच्या सीटवर मुलांमध्ये जाऊन बसलो. तिथेच चुकलं.

कन्नडकडून चाळीसगावला उतरणारा घाट तुम्ही पाहिला असेल. पठार संपतं आणि रस्ता एकदम खाली खान्देशात उतरतो, वळणावर वळण, पुढेमागे ट्रकांची रांग. साडूंनी त्यांच्या सवयीप्रमाणे गाडी टॉप गिअरमध्येच ठेवली आणि ब्रेकवर पाय टेकवून उतरवत राहिले. नव्या गाडीला पुढे डिस्क असतात, वारा लागून त्या लवकर निवतात, शिवाय बूस्टर असतो. तिथे हे बऱ्यापैकी खपून जातं. ड्रममध्ये उष्णता कोंडते. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून, म्हणजे त्याला आतून घासणाऱ्या पट्ट्यापासून, लांब जातो, लायनरची पकड कमी होते, आणि फारच तापलं तर ब्रेक ऑइल उकळून पाइपात वाफ होते. मग पॅडल दाबलं की ते नुसतं खाली जातं.

मला आधी वास आला, जळक्या लायनरचा. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला रोखून धरतं, म्हणून मी ओरडलो, "दुसरा टाका, दुसरा!" त्यांनी डावा हात खाली नेला, जिथे त्यांच्या गाडीत गिअर असतो तिथे. तिथे सीट होती. हात वर येऊन दांडा सापडेपर्यंत वळण आलं. त्यांचं एक मात्र मानलं पाहिजे, त्यांनी दरीची बाजू सोडून गाडी डोंगराकडच्या चारीत घातली. पुढचं डावं चाक चारीत, मडगार्ड चेपलं, दिवा फुटला. कोणाला लागलं नाही.

मागून आलेल्या एका ट्रकवाल्याने बाटलीतलं पाणी चाकावर ओतायला घेतलं, त्याला मी थांबवलं. तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी पडलं तर ड्रम तडकू शकतो. तासभर आम्ही कडेला बसून राहिलो. ड्रम आपोआप निवले आणि पॅडल पुन्हा वर आलं. गाडी चारीतून काढून दुसऱ्या गिअरमध्ये मीच खाली आणली.

मडगार्ड तयार मिळालं नाही. चाळीसगावच्या डेंटरने तेच ठोकून सरळ केलं, नऊ दिवस लागले. ते भरून निघालं. पण त्या घाटात, लहान मुलांसमोर, मी साडूंना जे बोललो ते भरून निघालं नाही. पुढच्या दोन आखाजींना ते आमच्याकडे फिरकले नाहीत. बायकोची बहीण एकटी यायची, जेवायची आणि दिवस मावळायच्या आत निघायची. आमच्याकडे आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण, झोक्यांचा आणि गाण्यांचा. त्या दोन वर्षी माझी बायको झोक्यावर बसली नाही.

म्हणून सांगतो, किल्ली पुढे करण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: हिला पोचा पडला तर या माणसाला मी काय बोलेन? उत्तर ऐकून स्वतःलाच बरं वाटलं नाही, तर त्या दिवशी सरळ नाही म्हणा. नकाराचा राग चार दिवस टिकतो. पोच्यानंतर तोंडातून गेलेले शब्द फार दिवस टिकतात.

त्यानंतर मी दुसरं टोक गाठलं. पाच वर्षं कोणाला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. 2019 ला माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी सात महिने शेडमध्ये उभी राहिली. घरात तिला सुरू करणारं कोणी नव्हतंच, मीच तसं करून ठेवलं होतं. बाहेर काढली तेव्हा कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकटा झालेला, ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचं रबर आखडलेलं, बॅटरी मेलेली, आणि डॅशबोर्डामागची वायरिंग उंदरांनी खाल्लेली. घाटातल्या पोच्याला जेवढा खर्च आला त्याहून जास्त खर्च या सात महिन्यांच्या उभं राहण्याला आला. आमचे मिस्तरी बॉनेटखाली वाकून म्हणाले, "भाऊ, तुमना बिगर हिले कोनी वयखतच नही." तुमच्याशिवाय हिला कोणी ओळखतच नाही. मला ते फार लागलं, कारण ते खरं होतं.

मग मी पुतणीला शिकवायला घेतलं. तेव्हा ती बावीस वर्षांची होती, लायसन्स होतं, छोटी नवी गाडी सफाईने चालवायची. आठ रविवार लागले. पहिल्या रविवारी तर गाडी हललीच नाही. बंद गाडीत बसून तिने फक्त क्लच दाबून दांडा चारही गिअरमध्ये फिरवला, शेवटी डोळे मिटून. घाटात साडूंचा हात जिथे चुकला होता, ती जागा मला पक्की करून घ्यायची होती. मग मोकळ्या मैदानात ब्रेक. पाय टेकवला की नव्या गाडीसारखी थांबेल या भरवशावर राहायचं नाही, अंतर दुप्पट ठेवायचं आणि पॅडल मनापासून दाबायचं. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकायचा नाही, नाहीतर गिअरचे दात ओरडतात. लांब पल्ल्याला निघण्याआधी रेडिएटर, ऑइल आणि ब्रेक ऑइल स्वतः बघायचं. दुसऱ्याने बघितलं असं सांगितलं तरी.

उन्हाळ्याचा धडा वेगळा दिला, कारण जळगाव-भुसावळकडचा मे तुम्हाला माहीत आहे, पारा पंचेचाळीसच्या वर जातो. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनलाच लागून असतो. इंजिन तापलं की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढू शकत नाही आणि गाडी फाट्यावर बंद पडते. अनोळखी माणूस अशा वेळी दोन चुका करतो. एक तर चोक ओढतो, किंवा बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारत राहतो. करायचं एवढंच असतं, बॉनेट उघडायचं, पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि सावलीत दहा-पंधरा मिनिटं बसायचं. आमच्या गाडीत पाण्याची बाटली आणि फडकं कायम असतं. पुतणीला पारोळा रोडवर ही वेळ आली तेव्हा तिने मला फोनसुद्धा केला नाही, घरी येऊन सांगितलं. त्या दिवशी मी तिला दुसरी किल्ली करून दिली. आजवर माझ्याशिवाय गाडी नेणारी ती एकटीच.

आता कागदांचं. हे आधी बघा, कारण जुन्या गाड्यांना बरेच जण फक्त थर्ड पार्टी विमा काढतात. त्यात समोरच्याचं नुकसान भरून मिळतं, तुमच्या गाडीचं नाही. पूर्ण विमा असेल तर तुमच्या परवानगीने चालवणाऱ्या लायसन्सधारकाकडून झालेलं गाडीचं नुकसानही साधारणपणे त्यात येतं. मात्र 15 लाखांचा जो अपघात विमा असतो तो मालक-चालकाचा, दुसऱ्या कोणाचा नाही. इतक्या जुन्या गाडीची किंमत विमा कंपनीशी बोलून ठरवावी लागते, तेव्हा नीट केल्याची बिलं आणि फोटो जपून ठेवा. लायसन्स नसलेल्याला गाडी दिलीत तर शिक्षा मालकाला, 5,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अल्पवयीन मुलाला दिलीत तर प्रकरण 25,000 आणि तीन वर्षांपर्यंत जातं. भाच्याला मैदानात फिरवतो म्हणणारे मामा आमच्याकडे खूप आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तुमची गाडी 1974 ची, म्हणजे पन्नास वर्षं ओलांडलेली. कोणी सांगेल की विंटेज म्हणून नोंदवून टाका. 2021 च्या नियमांनुसार ते करता येतं, पण मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मित्राला चक्कर मारू द्यायची तुमची इच्छा असेल तर सध्याची नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवत राहणं मला बरं वाटतं.

माझी ठाम 'नाही' फक्त दोन ठिकाणी असते. नवरदेवाच्या वरातीला देत नाही. तिथे गाडी तासन् तास पहिल्यात रांगते, इंजिन उकळतं, पोरं बॉनेटवर चढतात आणि गाडी कोणाच्या जबाबदारीवर आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. ओळखीच्या घरचं लग्न असेल तर मी स्वतः चालवत नेतो, नवरदेवाला उतरवतो आणि परत येतो. आणि घाट असेल तर पहिल्यांदा चालवणाऱ्याला देत नाही, तो कितीही जुना चालक असो.

बाकी सगळ्यांना हो म्हणतो. पुढची सीट सलग असल्यामुळे शेजारी बसलं की हात स्टिअरिंगपर्यंत सहज पोचतो, ही या गाडीची मोठी सोय आहे. दहा मिनिटं आपल्या गल्लीतून फिरवून आणलं की बहुतेकांची हौस भागते. ज्यांची भागत नाही, जे पुन्हा येतात आणि बॉनेट उघडून विचारतात हे काय, ते काय, ती माणसं सांभाळा. कुर्ल्याच्या दुकानांत हिचे पार्ट आता शोधावे लागतात. 2023 मध्ये मुंबईच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या, तेव्हापासून हिला हात लावणारे मिस्तरीही कमी होत चाललेत. पुढे तुमच्या गाडीला ओळखणारं कोणी हवं असेल तर ते याच चकरा मागणाऱ्यांमधून मिळेल.

साडूंचंही सांगतो. तिसऱ्या आखाजीला मीच त्यांच्या घरी गेलो आणि माफी मागितली. गाडीचा विषय दोघांनीही काढला नाही. 2022 ला पुन्हा कन्नडला जाणं झालं, पुतणी चालवत होती. परतताना घाटाच्या तोंडाशी तिनेच गाडी बाजूला घेतली, उतरली आणि मागे जाऊन बसली. मी साडूंच्या शेजारी सरकलो. त्यांनी आधी हात वर नेऊन दांडा चाचपला, दुसरा टाकला आणि मग ब्रेकवरून पाय काढला. इंजिन घुमत होतं, गाडी आपल्या चालीने उतरत होती. चाळीसगाव येईपर्यंत आम्ही फारसं बोललो नाही. खाली उतरल्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि चारही ड्रमजवळ हात नेऊन पाहिला. कोमट होते.